तीन मिलिमीटरचा घसा : कंप्रेसरच्या हवेवर स्वनातीत नोझल कसं बनवायचं

कुठल्याही वर्कशॉपमध्ये कंप्रेसरला एक ब्लोगन लटकवलेली असते. तिच्या भोकातून निघणारी हवा रोज ध्वनीच्या वेगाने बाहेर पडते आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. गेजवर एक बारही दाब नसताना हे सुरू होतं. मात्र साध्या भोकाच्या तोंडाशी तो वेग ध्वनीच्या पुढे जात नाही, दाब कितीही वाढवा. पुढे न्यायचा असेल तर भोकाचा आकार बदलावा लागतो. तो किती बदलायचा, लेथवर कसा काढायचा आणि मग तो झोत डोळ्यांनी कसा बघायचा, ते इथे सांगतो. सगळं गणित मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर होतं.

सुरुवातीला चार गोष्टी, आणि यात सवलत नाही. कानावर इअरमफ आणि डोळ्यांवर गॉगल हवाच. दाबाच्या हवेला पीव्हीसी पाइप अजिबात वापरू नका; तो फुटतो तेव्हा चिरत नाही, त्याच्या ठिकऱ्या उडतात. टाकीचा सेफ्टी व्हॉल्व्ह चालतो आहे ना, हे आधी बघा. आणि झोत कातडीवर घेऊन बघायचा मोह टाळा, हवा कातडीखाली शिरते.

आधी दाब नीट मोजा

या कामात निम्म्या चुका इथेच होतात. गेज जो आकडा दाखवतो तो बाहेरच्या हवेपेक्षा किती जास्त एवढंच सांगतो. सूत्रात निरपेक्ष दाब लागतो, म्हणजे गेजच्या आकड्यात बाहेरचा दाब मिळवायचा. बाहेरचा दाब तरी किती? पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे, तिथे तो ०.९५ बारच्या आसपास असतो. हवामानाचं ॲप उघडलंत तर ते १०१० हेक्टोपास्कल वगैरे दाखवेल. तो आकडा समुद्रसपाटीला बेतून सांगितलेला असतो, तुमच्या खोलीतला नसतो. मुंबईत किंवा पणजीत असाल तर सरळ १.०१ धरा.

आपण नोझलच्या मागे गेजवर ५ बार ठेवणार आहोत. म्हणजे निरपेक्ष ५.९५. बाहेर ०.९५. भागाकार ६.२६. पुढचं सगळं या एका आकड्यातून निघतं. नोझलला स्वतःचा असा वेग नसतो. मागचा दाब भागिले पुढचा दाब, यावर त्याचं सगळं ठरतं. घासाघीस करून पितळ चकचकीत केलं आणि हा भागाकार चुकला, तर ते नोझल शोभेचं.

गणित

हवेसाठी दाबाचं गुणोत्तर आणि मॅक अंक (हवेचा वेग भागिले तिथला ध्वनीचा वेग) यांचं नातं असं आहे: एक अधिक ०.२ गुणिले मॅकचा वर्ग, या सगळ्याचा ३.५ वा घात म्हणजे दाबाचं गुणोत्तर. आपल्याला उलटं जायचंय. ६.२६ चा ०.२८५७ वा घात काढा, १.६८९ येतो. त्यातून १ वजा करा, ०.२ ने भागा, वर्गमूळ घ्या. उत्तर १.८५६. म्हणजे नोझलच्या तोंडाशी हवा ध्वनीच्या जवळजवळ १.८६ पट वेगाने जाईल, आणि तिचा दाब तिथे बरोबर बाहेरच्या हवेएवढा असेल.

आता आकार. १.६८९ ला १.२ ने भागा, आलेल्याचा घन करा, मॅक अंकाने भागा. १.५० येतात. तोंडाचं क्षेत्रफळ घशाच्या, म्हणजे नोझलच्या सगळ्यात अरुंद जागेच्या, दीडपट हवं. घसा ३ मिलिमीटरचा घेतला तर तोंडाचा व्यास ३.६८ मिलिमीटर.

इथे जरा थांबू, कारण अंतर्ज्ञान इथेच दगा देतं. बागेच्या नळीचं तोंड अंगठ्याने दाबलं की पाणी जोरात उडतं, हे लहानपणापासून हाताला माहीत आहे. मग तोंड मोठं केल्यावर हवा जोरात कशी जाईल? पाण्याची घनता बदलत नाही, हवेची बदलते, म्हणून. आपल्याच नोझलचे आकडे बघा. घशात वेग सेकंदाला ३१७ मीटर, तोंडाशी ४९६, म्हणजे १.५६ पट. पण त्याच प्रवासात घनता ०.४३ पट होते, निम्म्याहून कमी. वेग वाढला त्याहून जास्त हवा विरळ झाली. तितकीच हवा बाहेर काढायची तर रस्ता रुंद करावाच लागणार: १ भागिले १.५६ गुणिले ०.४३, पुन्हा दीड. ध्वनीच्या अलीकडे वेग जिंकतो, पलीकडे विरळपणा जिंकतो, आणि घसा ही दोघांमधली वेस आहे. स्वीडनच्या गुस्ताफ द लावालने १८८० च्या दशकाच्या शेवटी वाफेच्या टर्बाइनसाठी हा आकार वापरला. रॉबर्ट गोडार्डने तो रॉकेटला लावला, आणि आजही प्रत्येक रॉकेटच्या बुडाला लावालचंच नोझल असतं.

हवा किती लागेल तेही आत्ताच बघून घ्या, नाहीतर नोझल तयार आणि कंप्रेसर धापा टाकतोय अशी गत होते. घसा एकदा कोंडला, म्हणजे तिथली हवा ध्वनीच्या वेगाला पोचली, की वस्तुमानाचा प्रवाह निरपेक्ष दाब गुणिले घशाचं क्षेत्रफळ गुणिले ०.०४०४, भागिले तापमानाचं वर्गमूळ (पास्कल, चौरस मीटर आणि केल्विनमध्ये; तापमान ३०० धरलंय). आपल्या नोझलला सेकंदाला ९.८ ग्रॅम. मिनिटाला पाचशे लिटरहून जास्त मोकळी हवा, म्हणजे तीन हॉर्सपॉवरच्या कंप्रेसरच्या ताकदीबाहेर. पण आपल्याला सलग चालवायचंच नाही. २०० लिटरची टाकी असेल तर दाब एक बारने उतरायला साधारण २४ सेकंद लागतात. टाकी ८ बारला भरा, रेग्युलेटर ५ वर लावा, आणि टाकी ६ ला येईपर्यंत पाऊण मिनिट निवांत मिळतं. फोटोला तेवढं भरपूर झालं.

जोर किती मिळेल? ९.८ ग्रॅम गुणिले ४९६ मीटर प्रतिसेकंद, ४.८७ न्यूटन. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर जवळजवळ अर्धा किलो.

लेथवर

१६ मिलिमीटरचा पितळी रॉड घ्या. ॲल्युमिनियमही चालतं, पण बारीक भोकाला पितळ जास्त सरळ वागतं. तोंड फेसिंग करून सेंटर ड्रिल, मग २.९ चं ड्रिल, मग ३ मिलिमीटरचा रीमर. रीमर टाळू नका. घसा ३.१ झाला तर क्षेत्रफळ जवळजवळ ७ टक्के वाढतं आणि दीडचं गुणोत्तर १.४१ वर येतं. एका दशांश मिलिमीटरने वेगळंच नोझल तयार होतं.

आत येणारी बाजू फारशी नखरेल नाही. ९० अंशाच्या काउंटरसिंकने मोठी करा आणि घशाशी जिथे धार उरते ती पॉलिश पेपरने गोल करा. ध्वनीच्या अलीकडची हवा समजूतदार असते, थोडा खडबडीतपणा पोटात घालते. पलीकडची नाही.

पसरणारी बाजू हे खरं काम. अर्धा कोन ५ अंश धरला तर ३ वरून ३.६८ ला जायला ३.९ मिलिमीटर लांबी लागते. तीन मिलिमीटरच्या भोकात बोरिंग टूल जात नाही, म्हणून डी-बिट बनवायचं. ५ मिलिमीटरचा सिल्व्हर स्टीलचा तुकडा चकमध्ये धरा, कंपाउंड स्लाइड ५ अंशावर फिरवा आणि टोकाला निमुळता उतार काढा, टोक ३ मिलिमीटरहून किंचित बारीक राहू द्या. मग कानशीने तो अर्धा कापा, म्हणजे आडवा छेद इंग्रजी डी अक्षरासारखा दिसेल. लालबुंद तापवून पाण्यात बुडवा, धार ऑइलस्टोनवर घासा. टेलस्टॉकमध्ये धरून तोंडाकडून हळूहळू आत न्या, दर अर्ध्या मिलिमीटरला बाहेर काढून चिप साफ करा. तोंडाचा व्यास ३.७ ला पोचला की थांबा. आमच्या टर्नरकाकांनी पहिल्या वेळी माझ्या हातातून कानस काढून घेतली आणि म्हणाले, "निम्म्याच्या केसभर वर ठेव, नाहीतर भोक मोठं पाडेल ते." त्यांचं ऐका.

शेवटी घसा आणि तोंड ओरखड्याविना आहेत ना, हे भिंगातून बघा. घशाच्या पुढे उभा राहिलेला एक बर (कापताना उरलेला धातूचा काटा) सुद्धा स्वतःचा शॉक, म्हणजे हवेचा दाब एकदम चढतो असा पातळ पडदा, तयार करतो, आणि मग फोटोत एक तिरकी रेघ दिसते जिचा अर्थ लावत तुम्ही दोन दिवस घालवता.

जोडणी

नोझल थेट नळीला बसवू नका. एक इंची जीआय पाइपचा १५० मिलिमीटरचा तुकडा मध्ये घाला, त्यात हवा शांत होते, आणि प्रेशर गेज त्याच तुकड्यावर बसवा. हे मी ठेच खाऊन शिकलो. एका कॉलेजच्या लॅबमध्ये रेग्युलेटर भिंतीवर होता, तिथून पाच मीटरची ६ मिलिमीटर भोकाची नळी टेबलापर्यंत यायची. भिंतीवरचं गेज ५ बार दाखवत होतं आणि जोर काही केल्या जमेना. आम्ही नोझल दोनदा बदललं. मग हिशेब केला: एवढी हवा त्या नळीतून सेकंदाला ५० मीटरच्या वेगाने पळत होती आणि घर्षणातच बारहून जास्त दाब खर्च होत होता. नळी १२ मिलिमीटरची लावली, नुकसान नगण्य झालं. भोक दुप्पट केलं की हे नुकसान साधारण बत्तीसपट कमी होतं.

टाकीतलं पाणीही काढून टाका. तोंडाशी हवेचं तापमान उणे ९५ अंशांपर्यंत उतरतं. थर्मामीटर घालून बघायला जाऊ नका, हवा त्याच्यावर आदळून थांबते आणि पुन्हा तापते, त्यामुळे तो खोलीचंच तापमान सांगेल. पण हवेतल्या बाष्पाला ती थंडी खरीच लागते. ते नोझलच्या आतच गोठतं, उष्णता सोडतं आणि शॉकसारखी दिसणारी खोटी रेघ उमटते. १९३५ साली रोमच्या परिषदेत लुडविग प्रान्टलने दाखवलेल्या फोटोंतही अशीच रेघ होती. पावसाळ्यात करत असाल तर लाइनमध्ये ड्रायर हवा. जानेवारीत फक्त टाकीचा नळ सोडून भागतं.

काट्यावर

पाइपचा तुकडा काट्यावर उभा ठेवा, नोझल आकाशाकडे. नळी आडवी येऊ द्या आणि तिला सैल वळसा ठेवा. आता गंमत अशी की दाब भरला की नळी ताठ होते आणि काटा आपोआप हलतो, झोत नसतानाही. म्हणून आधी नोझलच्या जागी बंद प्लग बसवून ५ बार भरा आणि तो आकडा लिहून घ्या. तेच आपलं शून्य. मग हवा सोडून नोझल लावा. आणि हो, आधी छतावरच्या पंख्याची पाती पुसून घ्या. आम्ही पुसली नव्हती.

आम्हाला ४७० ग्रॅमच्या आसपास मिळाले, गणितात ४९७ होते. भिंतीलगतच्या मंद थरामुळे आणि घशातल्या किरकोळ नुकसानीमुळे एवढा फरक पडतोच.

आता तेवढ्याच घशाचं दुसरं नोझल करा, पण पसरणारी बाजू नसलेलं, घशाशीच कापलेलं. सोपं गणित सांगतं की त्याला ४.६६ न्यूटन मिळतील, म्हणजे ४७६ ग्रॅम. नीट वाचा. एवढी डी-बिटची मेहनत, मॅक १.८६, आणि फायदा साडेचार टक्के! कारण घशातून बाहेर पडणाऱ्या हवेत अजून तीन बार दाब शिल्लक असतो आणि तो दाब स्वतःच नोझलला ढकलतो. पसरणारी बाजू तोच दाब वेगात बदलते, पण ६.२६ च्या गुणोत्तरात बदलण्यासारखं फार उरलेलं नसतं.

मग रॉकेटवाले पसरणाऱ्या बाजूची एवढी मोठी घंटा का बाळगतात? भागाकार करा. चेंबरमध्ये ६० बार आणि बाहेर निर्वात. जळलेल्या वायूंसाठी गॅमा (वायूच्या दोन विशिष्ट उष्णतांचं गुणोत्तर) हवेच्या १.४ ऐवजी १.२ च्या जवळ धरतात. नुसत्या घशाने चेंबरचा दाब गुणिले घशाचं क्षेत्रफळ, याच्या १.२४ पट जोर मिळतो. ३० पट पसरलेल्या घंटेने १.८६ पट. दीडपट! इस्रोच्या पीएसएलव्ही रॉकेटच्या दुसऱ्या टप्प्यातलं विकास इंजिन याच घरातलं आहे, जोर सुमारे ८०० किलोन्यूटन. ही इंजिनं मुंबईत विक्रोळीला गोदरेजच्या कारखान्यातही बनतात. तीच घंटा जमिनीवर मात्र गैरसोयीची. तोंडाशी दाब ०.१८ बार आणि बाहेर १ बार. प्रवाह भिंत सोडून देतो. म्हणून जीएसएलव्हीच्या बाजूच्या बूस्टरमध्ये, जिथे हेच इंजिन जमिनीवर पेटतं, घंटा आखूड असते.

झोत डोळ्यांनी

यासाठी श्लीरेन बसवायचं, म्हणजे हवेच्या घनतेतले फरक उजेड-सावलीत दाखवणारी मांडणी. नाव जर्मन आहे, युक्ती ऑगस्ट टोपलरची, १८६० च्या दशकातली. लागतो दुर्बिणीचा एक अंतर्वक्र आरसा. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्थेच्या नादाने दुर्बिणी घासणारे पुष्कळ आहेत, अशा कुणाकडे तरी १५० मिलिमीटरचा, १२०० नाभीय अंतराचा आरसा पडून असतो. आरशापासून नाभीय अंतराच्या बरोबर दुप्पट, म्हणजे २४०० मिलिमीटरवर एलईडी ठेवा, तिच्यापुढे ॲल्युमिनियम फॉइलला सुईने पाडलेलं भोक. आरसा किंचित कलता करा, म्हणजे प्रकाशाचा ठिपका एलईडीच्या शेजारीच परत येईल. त्या ठिपक्यावर दाढीचं ब्लेड सरकवत आणा, प्रकाश अर्धा अडेपर्यंत. ब्लेडच्या लगेच मागे मोबाइलचा कॅमेरा, झूम करून. नोझल आरशाच्या जितकं जवळ तितकं बरं. सगळं जमलं की आरसा एकसारखा करडा दिसतो, आणि त्याच्यापुढे हात धरला तर बोटांमधून वर चढणारी गरम हवा दिसते. ती दिसेपर्यंत कंप्रेसर सुरूच करू नका.

झोत उभा आहे, त्यामुळे ब्लेडची धार आडवी ठेवा. उभी ठेवली तर नुसत्या झोताच्या कडा दिसतील.

आता रेग्युलेटर ७ बारवर न्या. तोंडाशी हवेचा दाब बाहेरपेक्षा जास्त, झोत तोंडातून निघताच फुगतो, परत आवळतो, पुन्हा फुगतो. एकावर एक चौकटी उभ्या राहतात, दर सात ते नऊ मिलिमीटरला एक. हेच मॅक डायमंड. हळूहळू ५ वर या. चौकटी फिकट होत जवळजवळ पुसल्या जातात. सगळ्यात चांगलं चाललेलं नोझल बघायला सगळ्यात कंटाळवाणं असतं. ३ वर आणा: आता बाहेरची हवा जास्त दाबाची, तोंडाच्या कडेपासून तिरके शॉक आत जातात आणि चौकटी परत येतात, पण पहिली चौकट या वेळी आवळण्याने सुरू होते. दीड बारच्या खाली आवाज बदलतो, सुसाट शिटीऐवजी फरफर. प्रवाहाने भिंत सोडली. पुस्तकी गणित म्हणतं की सरळ उभा शॉक ०.६ बारला तोंडाशी पोचेल, पण भिंतीलगतचा मंद थर त्याच्या बराच आधी शरण जातो. तोंडाचा दाब बाहेरच्याच्या ०.४ पटीखाली गेला की समजा सुटला. स्पेस शटलची मुख्य इंजिनं सुरू होतानाची चित्रफीत सावकाश बघितलीत तर एवढी मोठी घंटा थरथरताना दिसते, ती याच फरफरीमुळे.

हेच चित्र १८८० च्या दशकाच्या शेवटी फियुमे बंदरात, आजच्या क्रोएशियातल्या रियेकात, पेटर साल्खरने टिपलं. तिथे टॉर्पेडोचा कारखाना होता आणि टॉर्पेडो दाबलेल्या हवेवर चालायचे, म्हणून हवा आयती मिळाली. आपला कंप्रेसर त्याच घराण्यातला.

पुढचं पाऊल

क्षेत्रफळाच्या दीडपट गुणोत्तराच्या पुढे जायचं असेल तर कंप्रेसरचा दाब वाढवत बसू नका, समोरचा दाब उतरवा. नोझलचं तोंड आत घेईल अशी ६ मिलिमीटर भोकाची, ६० मिलिमीटर लांब नळी पुढे बसवा, बुडाशी ओ-रिंगने हवाबंद करा आणि तोंडाच्या शेजारी एक बारीक भोक पाडून व्हॅक्यूम गेज जोडा. झोत नळीच्या भिंतीला टेकला की तो आतली हवा स्वतःच ओढून नेतो आणि परत येऊ देत नाही; नळीतल्या शॉकची रांग बुचासारखी बसते. उंचावर पेटणारी इंजिनं इस्रोच्या महेंद्रगिरीच्या केंद्रात जमिनीवर तपासताना याच तत्त्वाचा डिफ्यूझर लावतात. रेग्युलेटर सावकाश वाढवत न्या. एका ठिकाणी आवाज अचानक घट्ट होईल आणि गेजची सुई शून्याच्या खाली झेपावेल. तो दाब लिहून घ्या, नवा भागाकार करा, आणि पुढच्या नोझलची डी-बिट त्या आकड्यावरून घासायला घ्या.